फोनचा उपास

आज एकादशी. या वेळी पोटाऐवजी फोनचा उपास करायचं ठरवलं होतं. सकाळीच तो बंद करून कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि आईला तसं सांगितलंही. (सांगायला नको होतं. व्रत जाहीर केलं की निम्मं तिथेच संपतं.)

दुपारी ती काहीतरी सांगत होती. मी हं, हं करत होतो. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "त्यापेक्षा फोन घे बाबा हातात. निदान लक्ष कुठे आहे ते दिसतं तरी."

रागावली नव्हती. पण ते वाक्य दिवसभर सलतंय.

अरे, मी हात लावला नव्हता फोनला! रिकाम्या खिशात काही थरथरल्यासारखं वाटायचं, हात आपोआप तिकडे जायचा, तरी कपाट उघडलं नाही. एवढं करून वर हेच ऐकायचं? दादा रात्रंदिवस त्यात डोकं घालून बसतो, त्याला कुणी... जाऊ दे.

संध्याकाळी गीता काढली, छापील. मला दुसऱ्या अध्यायातलं कासव हवं होतं, सगळे अवयव आत ओढून घेणारं. दिवसभर मी स्वतःला तेच समजत होतो. पुढची पानं चाळताना नजर पडली ती तिसऱ्या अध्यायातल्या सहाव्या श्लोकावर. कर्मेंद्रियं आवरून धरतो आणि मनाने मात्र विषयच घोळवत बसतो, तो मिथ्याचारी. म्हणजे ढोंगी. आईने संस्कृतशिवाय सांगितलं, एवढाच फरक.

बरं, घोळवत तरी काय होतो? कुणाचा निरोप यायचा होता असंही नाही. 'काहीतरी आलं असेल', बस. या 'असेल'ला रूप नाही, रंग नाही, आणि दिवसभर मी त्याचंच ध्यान केलं. देवाच्या वाट्याला इतकं कधी आलं नाही.

रात्री जपाला बसलो. अंगठ्याने मणी ओढता ओढता दचकलोच. ही तर तीच हालचाल! त्यातल्या त्यात बरं, की 108 मणी झाले की मेरुमणी येतो. तो ओलांडायचा नसतो, माळ उलटी फिरवायची. तिथे क्षणभर थांबावंच लागतं, आणि मन कुठे भटकत होतं ते तिथेच कळतं. फोनच्या पडद्याला मेरू नाही. पूर्वी तळाशी 'पुढील पान' असं असायचं, तेवढा तरी अडसर होता. 2006 मध्ये अझा रास्किन या संगणक-डिझायनरने पडद्यावरचं कधी तळ न लागणारं पान शोधून काढलं, आणि पुढे त्यांनाच त्याची खंत वाटली. 'अनंत' म्हणजे विष्णू, आणि आज त्याचाच दिवस. मी मात्र भलत्याच अनंताची आठवण काढत होतो.

आज मेरुमणी खरं तर दुपारीच आला होता. मी रागाच्या भरात ओलांडला.

आता बाराला दहा कमी आहेत. पारणं द्वादशीला, सूर्योदयानंतर करायचं असतं. द्वादशी किती वाजेपर्यंत आहे ते बघायला उठलो आणि कपाटापाशी जाऊन थबकलो, कारण माझं पंचांगही फोनमध्येच. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते माझ्यासारख्यालाच. हसू आलं.

आईच्या खोलीत अजून दिवा आहे. दुपारी ती काय सांगत होती ते विचारायला जायला हवं. मला त्यातला एकही शब्द आठवत नाही.