बार्शी लाइट, माळ्यावरची: रामलिंगचा घाट जोडला

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेचा दिवाळीपासून रखडलेला घाट एकदाचा जोडला. सोलापुरातल्या आमच्या माळ्यावर, आठ बाय तीन फुटांच्या प्लायवर, बार्शी-येडशी शटल काल रात्री पहिल्यांदा न पडता वर पोचली.

नव्यांसाठी थोडक्यात. बार्शी लाइट १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ती अडीच फुटी गेजवर (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर), एका आसावर पाच टनांच्या वर भार नको, या हिशेबाने आखली. पुढे पंढरपूर, लातूर, आणि १९२७ ला मिरज. ब्रॉडगेज आलं ते धाराशिवला वळसा घेऊन. रामलिंगच्या घाटातला जुना मार्ग रुळांविना राहिला. तेवढा तुकडा लोकलसाठी पुन्हा उघडला तर? एवढाच माझा खेळ.

स्केल १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याचे इथे पावणेनऊ होतात, म्हणून एन गेज या छोट्या मॉडेल-मापाचा तयार ९ मिमीचा रूळ चालतो. त्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) मात्र फारच बारीक आणि दाट. ते काढून काडेपेटीच्या काड्या १७ मिमीवर कापून बसवल्या. दर पाचवा प्लास्टिकचा तसाच ठेवा, नाहीतर गेज पसरतं.

काळ्या मातीला चहाचा चोथा. पहिल्यांदा घाईने ओलसरच टाकला, आठवड्यात बार्शीच्या शिवारात बुरशी.

रेलबस, म्हणजे शटलची बससारखी छोटी गाडी, दर फेरीला एकाच सांध्यावर उतरायची. चाकं बदलली, वजन घातलं, काही नाही. दोष असा की सांधा ऐन वळणात होता आणि तिथे रूळ सरळ व्हायला बघत होता. दोन्ही तुकडे सरळ ठेवून आधी सोल्डर केले, मग वाकवले. प्रश्न मिटला.

आता खरी गंमत. क्रॉसिंगची लूप, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायचा बाजूचा रूळ, मी बार्शीला घातली होती, स्टेशन मोठं म्हणून. वेळापत्रक कागदावर मांडलं तर दोन रेलबस समोरासमोर येतात पांगरीला! म्हणजे लूप उखडून तिकडे न्यायची. आधी गाड्यांच्या वेळा, मग रूळ, हे मला उशिरा सुचलं.

राहिला रामलिंगच्या देवळाजवळचा हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा. श्रावणी सोमवारी दोन डबे हवेत, प्लॅटफॉर्म मावतो एकाचाच. पुढे लगेच पूल. बायको म्हणाली, मागच्या डब्यातल्यांना आतून पुढे येऊन उतरू दे की. डब्यांमध्ये दार करतोय.