नमुना सही

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा चेक परत आला. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत होती. जुळत नव्हती ती माझी सही. बत्तीस वर्षे शाळेत शिकवताना प्रगतिपुस्तकावरची पालकांची सही मुलाने स्वतःच ठोकून दिली आहे, हे मी लांबून ओळखत असे. त्यामुळे माझ्याच सहीवर संशय घेतला जावा, हे मनाला जरा लागलेच.

बँकेतल्या मुलाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नोंदीतली सही १९९१ सालची होती. टपोरी अक्षरे, नावातल्या पोटफोड्या ‘ष’ची तिरकी रेघ ठसठशीत, आडनाव पूर्ण, खाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबे. चेकवरच्या सहीत रेघही नव्हती आणि टिंबेही नव्हती. ‘ष’चे पोट न फोडताच मी पुढे गेले होते आणि आडनावाचे पहिले अक्षर तेवढे ओळखू येत होते. जुन्या सहीवर बोट ठेवून त्याने विचारले, “काकू, ही तुमचीच ना?” हो म्हणायला मला क्षणभर वेळ लागला.

खरे तर तीही माझी पहिली सही नव्हे. पहिली सही माहेरच्या नावाची, १९७२ साली जुन्या अकरावीच्या परीक्षेच्या अर्जासाठी वहीत घोटून घोटून बसवलेली. सात वर्षांनी लग्नात ताटात तांदूळ पसरून यजमानांनी अंगठीने त्यावर माझे नवे नाव लिहिले. पाहुण्यांनी ते वाकून वाकून वाचले, आणि मला मात्र ते सर्वांच्या शेवटी दिसले. नाव मला आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. आजच्या मुलींना ही पद्धत पटत नाही, आणि त्यांचे न पटणे आता मला पटते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आपल्या राज्यात शासकीय कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लागते. माझी धाकटी नात त्यानंतरची. तिच्या सहीला माझ्यापेक्षा जास्त जागा लागणार.

त्या रात्री मी जुन्या फायली काढून बसले. प्रत्येक कागदावर माझ्या सहीशेजारी पेन्सिलची एक पुसट फुली होती. ही यजमानांची खूण. कागद आणायचे, फुली मारायचे आणि म्हणायचे, “इथे कर.” मी पोळ्या लाटता लाटता पिठाचे हात पुसून यायची आणि सही करून परत पोळपाटाशी जायची. विमा, पोस्टातली बचत, घराचे कर्ज, यांतला एकही कागद वाचल्याचे मला आठवत नाही. उत्तरपत्रिकेतला एकेक अनुस्वार तपासणारी बाई पंधरा वर्षांच्या कर्जाचा कागद न वाचता सही करत होती आणि त्यात तिला काही वावगे वाटत नव्हते. त्या सह्या अतिशय सुबक आहेत. सुबकपणाखेरीज त्या कागदाशी माझे दुसरे कामच काय होते?

ते गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत जेवढ्या सह्या केल्या, तेवढ्या त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात केल्या नसतील. सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, विजेचे मीटर, बँकेतली खाती, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज आणि मृत्यूच्या दाखल्याची वेगळी प्रत. फुली मारून देणारे कोणी नव्हते, त्यामुळे सही कुठे करायची हे शोधण्यासाठी कागद वरपासून वाचावा लागे. वाचला की शंका येई आणि शंका आली की खिडकीपाशी उभे राहून विचारावी लागे. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला होता. नंतर नंतर मला पाहताच खिडकीपलीकडची माणसे सावध होऊ लागली. रेघ आणि टिंबे त्याच ढिगाऱ्यात कुठेतरी गळून पडली असावीत. नेमक्या कोणत्या कागदावर, ते फायली चाळूनही सापडले नाही.

नवी नमुना सही द्यायची होती, म्हणून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मी जुनी सही गिरवून पाहिली. रेघ ओढली, टिंबे दिली, ‘ष’चे पोट फोडले. ती हुबेहूब प्रगतिपुस्तकावर मुलाने ठोकून दिलेल्या सहीसारखी दिसत होती, म्हणून नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी बँकेत त्या मुलाने अर्ज पुढे केला आणि मोठ्या तत्परतेने त्यावर पेन्सिलीने तीन फुल्या मारल्या. “काकू, इथे, इथे आणि इथे.” मी पर्समधून चष्मा काढला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला. दुसऱ्या पानावर माझ्या नावात ‘ष’च्या जागी ‘श’ पडला होता.