बावीस आणि दहा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मला सगळ्यात जास्त छळलं ते इटो आयसोमेट्रीने. विधान पाठ होतं: ब्राउनियन गतीवर (म्हणजे क्षणोक्षणी निव्वळ योगायोगाने वरखाली होणाऱ्या वाटेवर) घेतलेल्या इंटिग्रलचा वर्ग करून सरासरी काढा, किंवा आतल्या प्रक्रियेचा (वेळेगणिक बदलणाऱ्या राशीचा) वर्ग करून त्याचं वेळेवर इंटिग्रल घ्या आणि मग सरासरी काढा, उत्तर एकच. सिद्धताही घोकली होती. तोंडी परीक्षेत कुणी "असं का?" म्हटलं असतं तर मात्र बोंब होती.

जुलैत देवबागला घरी आले. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, वर धो धो पाऊस आणि लाइट गेलेली. मासेमारीची बंदी, म्हणून बाबा पडवीत जाळी शिवत बसलेले. लॅपटॉप बंद पडला तेव्हा मी वही घेतली आणि ब्राउनियन गतीऐवजी रुपयाचं नाणं धरलं. छापा आला तर अधिक एक, काटा आला तर उणे एक. चारच फेका, म्हणजे एकूण सोळा शक्यता, सोळा ओळी. प्रत्येक फेकीवर पैज लावायची ती तोवरच्या बेरजेइतकी; ही पैज म्हणजे आतली प्रक्रिया. पैज गुणिले फेक, अशा चारांची बेरीज म्हणजे कमाई, तेच इंटिग्रल.

उत्तर जुळेना. कमाईच्या वर्गांची सरासरी आली २२, आणि पैजांच्या वर्गांच्या सरासऱ्यांची बेरीज १ + २ + ३ + ४, म्हणजे १०. दोनदा तपासलं. वर कमाईची सरासरीच ४! नाणं सरळ असताना फुकटचे चार आले कुठून?

बाबांनी विचारलं, काय चाललंय. सांगितलं: नाणं पडलं की बेरीज करते आणि तेवढी पैज लावते. ते सुईवरून नजर न काढता म्हणाले, "मासो बघान जाळा कोण टाकता गो?"

चूक तिथेच होती. चालू फेक मी पैजेतच धरत होते. पैज आधीच्या बेरजेवर लावली आणि सोळा ओळी पुन्हा भरल्या. दोन ओळींत ६, सहा ओळींत उणे २, उरलेल्या आठांत शून्य. सरासरी शून्य. वर्गांची बेरीज ७२ + २४ = ९६, भागिले १६, म्हणजे ६. दुसऱ्या बाजूला ० + १ + २ + ३. सहाच!

मग पाठ केलेली सिद्धता डोळ्यांना दिसली. वर्ग उलगडला की दोन वेगळ्या फेकींचे गुणाकार येतात. त्यातली नंतरची फेक मागच्या सगळ्यापासून स्वतंत्र, तिची सरासरी शून्य, म्हणून ते गुणाकार सरासरीत गळून पडतात. उरतात फक्त वर्ग. ब्राउनियन गतीत फेकीच्या वर्गातल्या एकाच्या जागी वेळेचा तुकडा येतो, एवढाच फरक. किओसी इटोंनी १९४४ साली हे इंटिग्रल मांडलं, तेही वेळेच्या प्रत्येक तुकड्याचं डावं टोक, म्हणजे सुरुवातीची किंमत, धरूनच. तोवर जे कळलंय त्यावरच ठरणाऱ्या प्रक्रियेला अ‍ॅडाप्टेड म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांच्या प्रक्रियांवरून सर्वसाधारण प्रक्रियांकडे जाताना याच समानतेचा आधार लागतो: आतल्या प्रक्रिया एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांची इंटिग्रलंही तितकीच जवळ येतात. आयसोमेट्री, म्हणजे समान अंतर, हे नाव त्यावरूनच. हा भाग मला नाण्यानंतर तासाभरात उमगला, त्याचं काही विशेष नाही.

तोंडी परीक्षेत ब्राउनियन गतीचं स्वतःवरच इंटिग्रल विचारलं. वर्गातून वेळ वजा करून निम्मं, आणि प्रचरण (पसाऱ्याचं माप) वेळेच्या वर्गाच्या निम्मं, असं फळ्यावर लिहिलं. "डावंच टोक का?" सरांनी विचारलं. जाळं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "सर, प्रक्रिया अ‍ॅडाप्टेड हवी म्हणून."