उन्हाळ्यात फिशटँकमधला प्राणवायू

गेल्या मे महिन्यात एके पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठलो, तेव्हा हॉलमधल्या दोन फुटी टँकमधले चारही गोल्डफिश पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंड लावून तरंगत होते. तोंडे सारखी उघडमिट होत होती आणि कल्ले नेहमीपेक्षा कितीतरी भराभर हलत होते. नागपूरच्या उकाड्यात रात्री केव्हातरी वीज गेली होती आणि तिच्याबरोबर एअर पंपही बंद पडला होता. चौघांतला सर्वांत मोठा मासा, जो मुलीच्या बोटाला तोंड लावून दाणे घेत असे, तो उजाडेपर्यंत गेला. त्या दिवसापासून टाकीतल्या पाण्यात प्राणवायू कसा येतो आणि कसा संपतो, हे मी नीट समजून घेतले.

जितके बुडबुडे जास्त तितका ऑक्सिजन जास्त, असा बहुतेकांचा समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात फूटभर खोल टाकीत बुडबुडा तळापासून वर यायला जेमतेम एखाद-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात त्यातला फारच थोडा वायू पाण्यात विरघळतो. बुडबुड्यांचे खरे काम निराळे आहे: ते तळचे पाणी वर खेचून आणतात आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवतात, आणि प्राणवायू मुख्यतः तिथूनच, म्हणजे हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या थरातून, आत शिरतो. निश्चल पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे पाणी ढवळले गेले नाही तर वरचा प्राणवायू खाली पोहोचेपर्यंत मासे गुदमरतात. अरुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवू नये, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, ते याचसाठी.

उन्हाळा हे संकट दुप्पट करतो. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साधारण साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. त्यात गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात हे खरे, पण अंधारात त्या स्वतःच तो वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची. आमच्याकडे त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या मुलांनी हौसेने मूठभर दाणे टाकले होते. उरलेले अन्न कुजवणारे जिवाणूही तोच प्राणवायू वापरतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही.

आता मी पाण्याची पातळी काठापासून चार बोटे खाली ठेवतो, म्हणजे फिल्टरचे पाणी थोड्या उंचीवरून पडते आणि पृष्ठभाग चांगला फुटतो. पाण्यावर कधीकधी तेलकट साय धरते. तीही हवेला अडवते. साधा टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून एका टोकाने उचलला, की ती त्याला चिकटून निघून येते. टाकीच्या झाकणात फट ठेवली आहे आणि भर दुपारी एक छोटा पंखा पाण्यावर वारा घालतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरते, आपल्या खसच्या कूलरसारखेच. मुंबईच्या दमट हवेत मात्र याचा उपयोग बराच कमी होतो. एअर स्टोनची, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला पाण्यात बसवलेल्या सच्छिद्र दगडाची, छिद्रे क्षार साचून बुजतात, तेव्हा बुडबुडे मोठे आणि मोजके होतात. असा दगड लगेच बदलावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज जाताच टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

वीज गेल्यावर बॅटरीवरचा पंप हाताशी असावा. तो नसेल तर टाकीतलेच पाणी मगाने उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाच-सात मग ओतले तरी मोठा आधार मिळतो. त्या काळात खायला अजिबात घालू नये. पंप नीट चालू असूनही मासे वर येऊन हवा गिळत असतील, तर पाण्यातल्या अमोनियाने कल्ले होरपळल्याची शंका घ्यावी आणि क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी लगेच बदलावे.

फायटर किंवा गुरामी पाळणाऱ्यांची एका गोष्टीने फसगत होते. या माशांना कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो आणि ते थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे टाकीत फायटर मजेत दिसला म्हणून पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे धरू नये. पहाटे उठलात तर दिवा लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात बाकीचे मासे कुठे आहेत ते बघा. आमचे तिघे आता त्या वेळी तळाशी, दगडांच्या आडोशाला, शांत पडलेले असतात.