माळ्यावरची फुलदाणी

फ्रान्समधल्या आमच्या लियों शहरात ऊन पडायला लागलं की रविवारी कुठल्या ना कुठल्या गल्लीत 'व्हीद-ग्रेनिये' असतो. शब्दशः अर्थ, माळा रिकामा करणे. घरातलं नकोसं झालेलं सगळं फुटपाथवर येतं. तिथून मी १२ युरोंना एक फुलदाणी उचलली. अंग काळं, आत भडक नारिंगी, आणि काठावरून फसफसून उतरलेला पांढरा ओघळ. दूध उतू जाऊन पातेल्यावर वाळावं तसा. बुडाशी कोरलेलं: 'व्हालोरिस'.

मला वाटलं, कलाकाराची सही. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "अहो, ते गावाचं नाव!"

दक्षिण किनाऱ्यावरच्या कान शहराजवळचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या कुंभारांचं. पण करायचे काय, तर रश्श्यासाठी मातीची भांडी. मग ॲल्युमिनियम आलं आणि आव्यावर संक्रांत आली. आपल्याकडे 'जर्मन'च्या पातेल्यांनी केलं तेच. (ॲल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो, हे ऑफिसात सांगितल्यावर फ्रेंच मंडळींना जो आनंद झाला!)

१९४६ मध्ये पिकासो तिथलं कुंभारांचं प्रदर्शन बघायला गेला. रामिए नवरा-बायकोच्या 'मादुरा' कारखान्यात त्याने गंमत म्हणून दोन-तीन वस्तू घडवल्या. पुढच्या वर्षी परत आला तो कामालाच लागला, आणि १९४८ पासून १९५५ पर्यंत राहिलाही तिथेच. रोजे काप्रों, रोबेर पिको अशी मातीकाम करणारी तरुण पोरंही त्याच सुमारास आली. पाठोपाठ समुद्रावर सुट्टीला येणारे पर्यटक, आणि त्यांना घरी न्यायला काहीतरी हवंच. माझ्या फुलदाणीवरच्या त्या फेसाळ झिलईला इथे नावच आहे, 'समुद्राचा फेस'. थोडक्यात, माझी ती पर्यटकांच्या फळीवरची. पण मला ती पिकासोसारख्या थोरामोठ्यांनी घडवलेल्या काही ताटांपेक्षा जास्त आवडते. तिला लाज म्हणून नाही.

घरी आणून हौसेने पिओनीची फुलं ठेवली. सकाळी बघते तर घरमालकिणीच्या अक्रोडी टेबलावर पाण्याचं पांढरं कडं! आतल्या झिलईला केसाएवढ्या भेगा होत्या, आणि कमी आचेवर भाजलेली माती पाणी पिते, हे माठाचं पाणी पिऊन वाढलेल्या मला आधी सुचायला हवं होतं. टेबलाला तेल चोळून पाहिलं. कडं अजून आहे, त्यावर मी टेबलक्लॉथ घातलाय.

फुलदाणी आता गॅसजवळ असते. लाटणं, झारा आणि दोन पळ्या बसतात तिच्यात.