सुटली ना, मग अजून का जाता?

परवा छापखान्यात मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला एक गृहस्थ आले होते. जुनी ओळख. बाहेरच्या टपरीवर आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं एकाच काडीवर सिगारेटी पेटवल्या आहेत. त्यांनी विचारलं, "तुमची सुटली ना? मग दर रविवारी त्या लोकांबरोबर अजिंक्यतारा किल्ल्यावर अजून कशाला जाता?" हा प्रश्न मला घरातल्यांनी विचारलाय, मशीनवरच्या पोरांनी विचारलाय, आणि ज्यांना सोडायची आहे ते तर हमखास विचारतात. त्यांच्या विचारण्यात मागे आणखी एक प्रश्न असतो: मनाचा निग्रह असेल तर चार माणसं कशाला लागतात?

प्रूफावर पेन फिरवता फिरवता एवढं मोठं उत्तर देता येत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

मी सत्तावीस वर्षं ओढली. एकोणिसाव्या वर्षी हेल्पर म्हणून छापखान्यात लागलो, तेव्हा पहिली सिगारेट मशीनवरच्या दादांनी दिली. ती चवीला घाण लागली, पण दादांनी आपल्याला बरोबरीचं मानलं याचा आनंद मोठा होता. पुढे दिवसाला बारा-पंधरा व्हायच्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त टपरीवर, चहाबरोबर, कुणाच्या ना कुणाच्या सोबतीनं. मालक आणि हेल्पर एका ठिणगीसाठी एकमेकांकडे वाकतात अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकतीस डिसेंबरला सोडली, पाडव्याला सोडली, पंढरपुरात पांडुरंगासमोर हात जोडून सोडली, मुलीच्या दहावीच्या निकालादिवशी सोडली. सगळ्यात लांब टिकलो ते एकोणीस दिवस. प्रत्येक वेळी मोडली कशी, ते आता मला स्वच्छ दिसतं. तलफ मी सोसायचो. पण दुपारी चारला मशीन बंद व्हायचं, सगळे बाहेर जायचे आणि मी शाईच्या वासात एकटा बसायचो. बाहेरचं हसणं आत ऐकू यायचं. मग 'नुसता उभा राहतो' म्हणून बाहेर जायचो. नुसतं उभं राहणं दोन दिवस टिकायचं.

२०१८ च्या शेवटी खोकला थांबेना म्हणून डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे स्वच्छ निघाला. त्यांनी मला जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जायला सांगितलं. तिथे बाकावर आधीच तिघं बसलेले होते. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले. एक एसटीचे चालक, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. आणि मेडिकल दुकानात काम करणारा पंचविशीतला पोरगा. त्या वर्षी सप्टेंबरपासून पाकिटावरच्या चित्राखाली १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापायला लागले होते. पोरानं तो फिरवला होता आणि तिथून तो इथवर आला होता.

समुपदेशक ताईंनी चौघांना एकत्रच बसवलं. धूर आत घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं, म्हणून हात सारखा खिशाकडे जातो, हे मला तिथं कळलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. तलफ एकदा आली की ओढेपर्यंत वाढतच जाते अशी माझी समजूत होती. ताई म्हणाल्या, ती काही मिनिटं चढते आणि ओढली नाही तरी उतरते. निकोटिनची गोळी कशी चघळायची तेही त्यांनी दाखवलं. साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावायची नाही. चार-सहा वेळा चावून जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, नाहीतर सगळा रस पोटात जातो आणि उचक्या लागतात. निघताना त्या म्हणाल्या, "माझं ऑफिस पाचला बंद होतं. तुम्हाला खरी गरज पाचनंतर लागेल. एकमेकांचे नंबर घेऊन जा."

आमच्या गटाची स्थापना म्हणाल तर एवढीच.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, हे ताईंनी सांगितलेलं खरं निघालं. झोप तुटायची, तोंडात फोड आले, पोट साफ होईना, आणि चिडचिड इतकी की तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "ओढा बाई एक, पण ओरडू नका." ती चिडली नव्हती, तिला माझी दया आली होती. घरच्यांना आपला त्रास दिसतो, पण आत नेमकं काय चाललंय ते दिसत नाही. त्या रात्री पावणेअकराला मी तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "घाट लागला का?"

पुण्याहून गाडी आणताना खंबाटकी चढायला लागली की प्रवासी गप्प होतात, इंजिन ओरडतं, आणि वाटतं हे काही संपत नाही. तात्यांनी तो घाट हजारो वेळा चढलाय. ते म्हणायचे, घाटात गाडी थांबवायची नसते, खालच्या गिअरमध्ये हळूहळू काढायची असते; माथा येतोच. तेव्हापासून आमच्यात तलफेला 'घाट' म्हणतात. फोन आला की पलीकडून पहिला शब्द तोच. उपदेश करायचा नाही, शपथा घालायच्या नाहीत, "किती दिवस झाले" हेसुद्धा विचारायचं नाही. काहीतरी बोलत राहायचं. त्या रात्री तात्यांनी मला कोरेगाव डेपोच्या एका गाडीचं गिअरबॉक्सचं दुखणं सविस्तर सांगितलं. मला त्यातलं काही कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा अकरा वाजले होते आणि घाट मागे पडला होता.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट शोधून आणली, ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर जाळत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ टिकतो. मग धडधड होते, झोप लागत नाही, आणि माणूस समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळे होतंय. आम्ही चौघांनी चहा निम्म्यावर आणला. माझी झोप चार दिवसांत सुधारली. सिगारेट सोडणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगतो, कारण हे आधीच्या एकाही खेपेला मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारचा किल्लाही गुरुजींचाच. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेलं. पहिल्या रविवारी आम्ही चौघं किल्ल्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापाशीच बसलो. पुढे जायची कुणाची छाती होईना. पुढच्या महिन्यात दरवाजापर्यंत गेलो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मंगळाईच्या देवळात जाऊन नारळ फोडला. छाती मोकळी होतेय हे कागदावर वाचणं वेगळं आणि तोच चढ दर आठवड्याला थोडा सोपा होताना पायांना कळणं वेगळं.

आता अवघड भाग सांगतो.

मे महिन्यात माझे वडील गेले. दहाव्याला नदीवर सगळी विधी उरकली, चुलतभाऊ बाजूला ओढत उभे होते, एकानं न बोलता पाकीट पुढे केलं. मी घेतली. ती एकच राहिली असती तर आज सांगण्यासारखं काही नसतं. मी रोज दोन-तीन ओढायला लागलो, आणि तीन रविवार गटाबरोबर किल्ला चढत राहिलो. येण्याआधी दात घासायचो, बडीशेप खायचो. गुरुजी विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय." त्या तीन आठवड्यांत मला एकदाही घाट लागला म्हणून फोन करता आला नाही, कारण फोन करायचा तर खरं बोलावं लागलं असतं.

तिसऱ्या रविवारी चार भिंतींपाशी टेकलो होतो. तात्या समोर शहराकडे बघत म्हणाले, "मंगळवारी स्वारगेटला एक ओढली मी." ज्या आवाजात ते गाडी पंक्चर झाल्याचं सांगतात त्याच आवाजात. कुणी दचकलं नाही. पोरानं विचारलं, "त्याच्या आधी काय झालं होतं?" तात्या म्हणाले, गाडी दोन तास लेट, प्रवाशांशी वाद, पोटात अन्न नाही. मग उपाशीपोटी ड्युटी करायची नाही, डब्यात शेंगदाण्याची चिक्की ठेवायची, असं ठरलं. बस, एवढंच. मग मी बोललो. सगळं बोललो. वडिलांसाठी मी तोवर रडलो नव्हतो, तिथं रडलो.

पोरानं विचारलं, "आता यांचे दिवस पहिल्यापासून मोजायचे का?" गुरुजी गणित शिकवायचे. ते म्हणाले, "एकशे तीस दिवस यांनी ओढली नाही. ते दिवस कुठे गेले? वजा कसे करणार?" यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. पोरगा म्हणतो, शून्यावर आणलं की धाक राहतो. माझं मत गुरुजींसारखं आहे, आणि ते अनुभवातून आलंय. शून्याची लाज वाटते म्हणून माणूस लपवतो, आणि लपवणारा माणूस एकटा पडतो. मी तीन आठवडे चार माणसांत एकटाच चढत होतो.

एकदा गुरुजींनी एक कात्रण आणलं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास चाललाय. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ ची माहिती दोन संशोधकांनी तपासली आणि २००८ साली निष्कर्ष छापले. सिगारेट सोडणारे सुटे सुटे सोडत नाहीत, एकमेकांशी जोडलेली माणसं घोळक्यानं सोडतात, असं त्यात दिसलं. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. तात्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "लागली घोळक्यात, तर सुटणार पण घोळक्यातच की." मला त्या कात्रणानं माझे एकोणीस दिवस समजले.

सगळ्यांचं जमलं असं मात्र नाही. चौघांचे पुढे अकरा झालो. एकजण सिगारेट सोडून मळलेल्या तंबाखूवर गेला आणि सोडली म्हणून पेढे वाटले. त्याला आम्ही समजावलं की तंबाखू ओठाखाली ठेवली तरी तंबाखूच. त्याला राग आला, तो यायचा बंद झाला. दुसरा परत ओढायला लागला आणि फोन उचलत नाही. त्याला महिन्यातून एकदा मी फोन करतो. नाही उचलला तर नाही उचलला. मिस्ड कॉल त्याला दिसत असेल.

२०२० च्या टाळेबंदीत किल्ला बंद, टपऱ्या बंद. सकाळी सातला आम्ही सगळे एकाच वेळी फोनवर यायचो आणि आपापल्या गच्चीत, अंगणात चालायचो. गुरुजींच्या घरी तर नुसता चौक होता. तिथं ते गोल गोल फिरायचे, आणि पायरवावरून आम्हाला कळायचं की ते आज जोरात आहेत.

तर, अजून का जातो? सिगारेट सोडताना मी धुरापेक्षा मोठी गोष्ट सोडली होती, ती म्हणजे चारची टपरी. तिथं कुणी कुणाला मोठं-लहान मानत नव्हतं, दहा मिनिटं कामाचं ओझं उतरवून ठेवता येत होतं. इच्छाशक्तीनं मी धूर थांबवू शकत होतो, त्या दहा मिनिटांची जागा भरू शकत नव्हतो. ती जागा या माणसांनी भरली. औषध बरं वाटलं की बंद करतात. माणसं कशी बंद करायची?

आणि दुसरं कारण. मी तिसरा दिवस विसरत चाललोय. तो कसा होता ते आता आठवून सांगावं लागतं. मागच्या रविवारी एक नवीन मुलगा आला होता, कुरिअरचं काम करतो, तिसराच दिवस. चार भिंतींपाशी बसला, घामानं भिजलेला, हात थरथरत होते. त्यानं मला विचारलं, "काका, ही कधी जाते?" मी त्याला खरं तेच सांगितलं. रोजचा त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. मधेच कधीतरी, एखाद्या लग्नात किंवा मयतीला, ती अजून येते, पण थांबत नाही. तो काही बोलला नाही. त्यानं फोन काढला आणि माझा नंबर घेतला.

रात्री साडेदहाला फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास.

"घाट लागला का?" मी विचारलं.

"हो."

मी उठून अंगणात आलो, खुर्ची ओढली आणि त्याला आमच्या जुन्या ऑफसेट मशीनचा रोलर कसा बदलतात ते पहिल्यापासून सांगायला लागलो.