अटलांटिक सिटी: आई-बाबांना घेऊन दोन रात्री

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन अटलांटिक सिटीला, न्यू जर्सीतल्या समुद्रकाठच्या कॅसिनोंच्या गावी झालं, तेव्हा आम्ही गेलो होतो. नाटकं, गाणी, जेवणाच्या रांगा आणि वीस वर्षांनी भेटलेले वर्गमित्र यांतच सगळे दिवस गेले. कन्व्हेन्शन सेंटर रेल्वे स्टेशनला लागून आहे आणि समुद्र तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तेवढंही चालणं झालं नाही. म्हणजे अटलांटिक सिटीला जाऊन अटलांटिक न बघता आलो. यंदा आई-बाबा रत्नागिरीहून आले होते, म्हणून सप्टेंबरातल्या एका सोमवारी निघालो आणि बुधवारी परतलो. ज्यांचे आई-वडील सध्या इकडे आलेत आणि नायगारा, वॉशिंग्टन आटोपून आता 'कुठे न्यावं' या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सोमवारच का? तर शुक्रवार-शनिवारी ज्या खोलीचे दर डोळे पांढरे करतात, तीच खोली सोमवार-मंगळवारी तिथल्या साध्या मोटेलच्या भावात मिळते. लेबर डे (सप्टेंबरातला पहिला सोमवार) उलटला की गर्दी ओसरते. समुद्राचं पाणी मात्र उन्हाळाभर तापलेलं असतं, त्यामुळे जून महिन्यापेक्षा सप्टेंबरात पाय बुडवणं सुसह्य. तोटा एवढाच, की काही गोष्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी बंद असतात. स्टील पिअर या समुद्रात गेलेल्या धक्क्यावरच्या बहुतेक राइड्स आम्हाला बंद मिळाल्या. वेळा आधी बघून जा.

न्यू जर्सीतल्याच एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे, ३८ नंबरच्या एक्झिटला अटलांटिक सिटी एक्सप्रेसवे, की आलंच. दोन तास धरा, टोलसाठी ई-झेडपास जवळ ठेवा. गाडी नसेल तर न्यूयॉर्कहून बस. रेल्वे फक्त फिलाडेल्फियाहून येते. न्यूयॉर्कहून थेट गाडी नाही, हे पुष्कळांना स्टेशनवर पोचल्यावर कळतं.

खोली ठरवताना दिसतो तो दर खरा नसतो. त्यावर रिसॉर्ट फी, कर, पार्किंग असं चढत जातं. आमची खोली शेवटी दीडपटीच्या आसपास गेली. तेव्हा पान उलटून शेवटची बेरीज बघा आणि मगच आनंद माना. दुसरं, धूर. न्यू जर्सीत २००६ पासून बंद जागेत धूम्रपानाला बंदी आहे, पण कॅसिनोंना त्यातून सूट. खेळाच्या जागेच्या पाव भागापर्यंत ओढायला परवानगी आहे. पाव भागातला धूर पाव भागातच थांबत नाही, हे सांगायला नकोच. आईला दमा नाही, तरी लिफ्टपासून दारापर्यंत जाताना तिने पदर नाकाला लावला होता. घरात कुणाला श्वासाचा त्रास असेल, तर कॅसिनोतून न जाता बाहेर पडता येतं का, हे फोन करून विचारा. नाहीतर ज्या हॉटेलात कॅसिनोच नाही तिथे उतरा. तशीही आहेत.

आणि खोलीतला फ्रिज! आईने आल्याबरोबर दह्याचा डबा आणि मेतकुटाची पुडी आत ठेवायला तिथल्या बाटल्या सरकवल्या. तो फ्रिज नसून मिनीबार होता आणि त्याखाली सेन्सर. बाटली जागची हलली की ती विकली गेली असं यंत्र समजतं. बुधवारी बिलात बिअर, वोडका आणि बदाम. कांदासुद्धा न खाणारी माझी आई काउंटरवर उभी, आणि समोरची मुलगी तिच्याकडे बघून हसू दाबतेय. काढून टाकले लगेच, पण बिल वाचलं नसतं तर भरलेच असते. आपलं खाणं ठेवायचं असेल तर वेगळा छोटा फ्रिज मागवा किंवा सरळ आइसबॉक्स न्या.

आता मुख्य गोष्ट, बोर्डवॉक. किनाऱ्याला समांतर टाकलेला लाकडी फळ्यांचा रस्ता, सुमारे चार मैल, आणि मग पुढे व्हेंटनॉर गावात तसाच चालू. १८७० साली हा पहिल्यांदा बांधला, तोही अगदी घरगुती कारणासाठी: पर्यटकांच्या पायांना लागून येणारी वाळू हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि रेल्वेच्या डब्यांत पसरू नये म्हणून. अमेरिकेतला हा पहिला. फळ्या तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या बसवल्यात. टाचेच्या चपला घालू नका, फटीत अडकतात. बाबांची गुडघेदुखी असून ते दोन मैल सहज चालले, कारण लाकूड पायाला सिमेंटइतकं लागत नाही आणि दर थोड्या अंतरावर बाक आहेत.

दमलात तर रोलिंग चेअर असतात: चाकांवरची वेताची खुर्ची, मागून एक माणूस ढकलतो. भाडं बसण्याआधी ठरवा, टिप वेगळी. बाबा बसले नाहीत. "माथेरानला हातरिक्षात एकदा बसलो होतो, तेव्हाच ठरवलं," म्हणाले. आई बसली, आणि राणीसारखी बसली.

इथला किनारा फुकट आहे हे मुद्दाम सांगते, कारण जर्सीच्या बहुतेक किनारी गावांत उन्हाळ्यात वाळूवर पाय ठेवायला बॅज विकत घ्यावा लागतो. अगदी शेजारच्या व्हेंटनॉर, मार्गेटलासुद्धा. लाट मात्र ओढणारी आहे. जीवरक्षक नसतील तिथे गुडघ्याच्या वर जाऊ नका.

पहाटे साडेसहाला आईने मला उठवलं. तिला सूर्योदय बघायचा होता. तिचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलं, पण आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. समुद्रातून वर येणारा सूर्य तिने बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. काही बोलली नाही. हात जोडले आणि अर्घ्यासारखं ओंजळभर पाणी सोडलं. शेजारी रात्रभर खेळून आलेला एक माणूस टाय सैल करून कॉफी पीत बसला होता, तोही उभा राहिला. सूर्योदयाची वेळ बघून ठेवा. ही एक गोष्ट चुकवू नका.

कॅसिनो. जुगार इथे १९७६ च्या जनमताने आला. १९७४ मध्ये सबंध राज्यासाठी विचारलं तेव्हा लोकांनी नाही म्हटलं, मग फक्त या एका गावापुरतं विचारलं तेव्हा हो म्हटलं. १९७८ च्या मे महिन्यात 'रिसॉर्ट्स' नावाचा कॅसिनो उघडला, नेवाडाबाहेरचा देशातला पहिला कायदेशीर कॅसिनो. गंमत म्हणजे त्याच १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आला असता तर गणपतीपुळ्याचं काय झालं असतं, यावर बाबा आणि माझा नवरा अर्धा तास वाद घालत होते.

गावाचं काय झालं ते बोर्डवॉकवरून एक रस्ता आत गेलात की दिसतं. गहाणवटीची दुकानं, 'सोनं घेतो' अशा पाट्या, मोकळे पडलेले प्लॉट. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडले. त्यांतला रेव्हेल तर दोन वर्षांपूर्वी २४० कोटी डॉलर ओतून उघडला होता. तो आता ओशन या नावाने चालतो. ट्रम्प ताजमहाल हा कॅसिनो होता तिथे हार्ड रॉक आहे, आणि ट्रम्प प्लाझा २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडला. आज नऊ उरलेत, त्यांतले तीन खाडीकडच्या मरीना भागात. रात्री बोर्डवॉकवर आणि उजेडात राहा. मरीनाकडे जायला जिटनी नावाच्या छोट्या मिनीबस आहेत. आपल्या वडापच्या सुशिक्षित बहिणी म्हणा. सुटे डॉलर ठेवा.

बाबा सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांना खेळायचं नव्हतं, हिशेब बघायचा होता. रुलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यात पडते त्यावर पैसे लावायच्या खेळाच्या, टेबलामागे दहा मिनिटं उभे राहिले आणि कागदी नॅपकिनवर मांडलं: चाकावर खाने ३८, एक ते छत्तीस आणि दोन शून्यं. प्रत्येकावर एकेक डॉलर लावला तर गेले ३८, आणि जिंकलेल्या खान्याचे परत आले ३६. "म्हणजे शंभराला सव्वापाच रुपये कॅसिनोच्या घरात. आणि हे दर फेरीला!" आकड्याऐवजी नुसत्या लाल किंवा काळ्या रंगावर लावलंत आणि शून्य आलं, तर इथे अर्धे पैसे परत देतात, म्हणून तिथली गळती निम्मी. स्लॉट मशीनने लांबच्या हिशेबात निदान ८३ टक्के परत द्यावेत असं राज्याचं बंधन आहे. हे ऐकून बाबा म्हणाले, "अगं, सतरा टक्के बुडीत असलेली बँक रिझर्व्ह बँकेने एव्हाना बंद केली असती." ब्लॅकजॅक हा पत्त्यांतला एकवीसचा खेळ खेळणाऱ्यांनी टेबलावरची पाटी वाचावी. पहिल्या दोन पानांतच एकवीस, म्हणजे 'ब्लॅकजॅक', लागल्यावर दोन डॉलरला तीन (३:२) देणारं टेबल बरं, पाचाला सहा (६:५) वालं सोडून द्या.

पाहुण्या आई-वडिलांसाठी तीन सूचना. वय २१ पूर्ण लागतं आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट बरोबर ठेवा. स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागलाच, तर अमेरिकेत करनिवासी नसलेल्यांचे ३० टक्के जागेवरच कापतात. रुलेट, ब्लॅकजॅकच्या जिंकण्याला ती कपात नाही. आणि खेळाच्या जागेत मोबाइल काढून फोटो घेऊ नका, लगेच कुणीतरी येतं. पैसे काढायची आतली एटीएम वापरू नका, फी जबर आहे. आम्ही माणशी चाळीस डॉलर नाटकाच्या तिकिटासारखे वेगळे काढले होते. माझे अकरा मिनिटांत संपले.

मंगळवारी दुपारी लुसी. मार्गेटला, गाडीने दहा-पंधरा मिनिटं. १८८१ साली एका जमीनविक्याने गिऱ्हाईक यावं म्हणून समुद्राकाठी लाकूड-पत्र्याची सहा मजली हत्तीण बांधली, तीच ही लुसी. पायातल्या जिन्याने आत जायचं, वर अंबारीतून समुद्र बघायचा. आईने खालूनच चूक काढली: "हत्तीण आणि सुळे?" वाटेत व्हेंटनॉर अॅव्हेन्यू लागतो. मोनोपॉलीच्या पटावरची नावं बहुतेक इथलीच, बाल्टिक, पॅसिफिक, पार्क प्लेस. आपण 'व्यापार' खेळताना त्याच चौकोनांत मुंबईतली नावं वाचत होतो.

अॅबसिकन दीपगृह १८५७ चं, पायऱ्या २२८. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनीच. आम्ही दोघं चढलो, ते दोघं खाली बसले.

शाकाहारींनी दशम्या, चटणी नेलेली बरी. मांसाहारींसाठी १९४६ पासूनचं व्हाइट हाउस सब शॉप आहे, अर्धा सब (लांब पावाचं सँडविच) दोघांना पुरतो. सॉल्ट वॉटर टॅफी नावाच्या चिवट गोळ्या सगळे घेतात. त्यांत समुद्राचं पाणी नसतं, पण चिकटपणा असा, की बाबांची कवळी हातात आली.

जाता जाता एक. स्लॉट मशीनवरून उठताना पैसे नाही, चिठ्ठी मिळते. ती किऑस्कवर, म्हणजे पैसे देणाऱ्या यंत्रावर, वटवायची असते आणि तिला मुदत असते. बाबांनी वटवली नाही. परवा रत्नागिरीहून फोन आला, पँटच्या खिशात दोन डॉलर पंधरा सेंटची चिठ्ठी सापडली म्हणून. पासबुकात जपून ठेवली आहे. पुढच्या खेपेला मी जाणार असेन तर पोस्टाने पाठवतील, म्हणाले.